रॉडला साजेसं रीळ: सोलापुरात नव्यानं गळ टाकणाऱ्यांसाठी

हिप्परग्याच्या तलावावर मी पहिल्यांदा रिळाचा रॉड घेऊन गेलो, त्या दिवशी मासा तर सोडाच, गळ धड दहा हातांवरसुद्धा गेला नाही. रॉड एका दुकानातून घेतला होता, रीळ ऑनलाइन मागवलं होतं. दोन्ही वस्तू नव्या, दोन्ही चांगल्या. रॉडच्या मुठीला खालून बंदुकीच्या चापासारखं टोक होतं. ते बोटात अडकवलं की रिळाची जागा आपोआप वर यायची, म्हणून मी रीळ वर बसवलं. हँडल भलत्याच हाताला आलं आणि उलटं फिरायला लागलं, तरी मी रेटत राहिलो. शेजारी बांबूच्या काठीनं एकामागून एक चिलाप्या काढत बसलेल्या मामांनी माझे चार-पाच प्रयत्न बघितले आणि म्हणाले, "रीळ उलटं बसवलास की बे."

मी रॉड फिरवून रीळ खाली घेतलं. आता चाप वरून अंगठ्याला टोचायला लागला.

"आता काठी उलटी धरलास."

दोन्ही वेळा मामांचं बरोबर होतं. रॉड बेटकास्टरचा होता आणि रीळ स्पिनिंगचं, म्हणजे दोन वेगळ्या जातींचे. अशी जोडी कशीही धरली तरी उलटीच. त्या दिवशीचं पेट्रोल वाया गेलं, पण एक क्रम कायमचा डोक्यात बसला: आधी पाणी आणि मासा, मग त्याला लागणारा रॉड, मग रॉडवर छापलेलं वाचून रीळ, आणि सगळ्यात शेवटी लाइन, म्हणजे गळाची दोरी. बहुतेक नवखे नेमकं उलटं करतात. चकचकीत रीळ आवडलं म्हणून आधी ते घेतात आणि मग त्याला रॉड शोधत फिरतात.

कांडी आणि फिरकी

रिळांच्या जाती समजायला सोलापूरकराला वेळ लागू नये, आपण सुताच्या गावचे. धोट्यातली कांडी आठवा. कांडी जागची हलत नाही, सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. आता पतंगाची फिरकी आठवा. तिथं दोरा सुटायचा तर अख्खी फिरकी गरगर फिरावी लागते. गळाच्या रिळांच्या दोन मुख्य जाती म्हणजे हेच दोन प्रकार.

स्पिनिंग रीळ म्हणजे कांडी. फेकताना त्याचा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेला भाग, स्थिर असतो आणि लाइन त्याच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटते. ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. स्थिर स्पूलच्या रिळाचं पेटंट १९०५ साली इंग्लंडमधल्या होल्डन इलिंगवर्थ यांनी घेतलं आणि ते कापडधंद्यातलेच होते. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसं सुटतं ते बघूनच त्यांना हे सुचलं, असं सांगतात. हे वाचल्यापासून मला हे रीळ आपल्याच घरचं वाटतं.

बेटकास्टर म्हणजे फिरकी. लाइन बाहेर जाते तेव्हा स्पूल फिरतो. हातात जम बसला की नेम फार चांगला लागतो आणि जड माशाशी झुंजायलाही ते भक्कम. पण पतंग अचानक खाली आला आणि फिरकी फिरतच राहिली तर मांजाचं काय होतं? तेच इथं होतं. आमिष पाण्यात पडून थांबतं, स्पूल थांबत नाही, आणि रिळात सुगरणीचं घरटं तयार होतं. पहिलं रीळ म्हणून बेटकास्टर घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतात थोडे.

यांच्या मधलं एक रीळ म्हणजे स्पिनकास्ट. तोंडावर शंकूसारखं झाकण, मागे दाबायचं बटण. लहान मुलांना शिकवायला उत्तम, पण त्यात लाइन कमी मावते आणि जोर बेताचा. त्याची बटणवाली जात रॉडच्या वर बसते, म्हणजे बेटकास्टरच्या रॉडवर चालते. फ्लाय फिशिंगचं, म्हणजे नकली माशी फेकून मासे धरण्याचं, रीळ मुठीच्याही मागे, रॉडच्या अगदी बुडाला बसतं. तिथं रॉड, लाइन आणि रीळ यांचा नंबर एकच असावा लागतो, म्हणजे पाच नंबरी रॉडला पाच नंबरी लाइन आणि ती मावेल असं रीळ. समुद्रात बोटीवरून वापरायची मोठी गोल रिळं कोकणातल्यांसाठी सोडून देऊ.

आधी पाणी बघा

सोलापूर जिल्ह्यात एकाच रॉडनं सगळीकडे भागवता येत नाही, पण नवख्याला एकच घ्यायचा असतो. म्हणून आपण नेहमी कुठे बसणार ते आधी ठरवा.

हिप्परग्याचा एकरूख तलाव इंग्रजांच्या काळातला, १८७१ चा. तुळजापूर रस्त्यावर, शहरापासून दुचाकीवर सहज जाण्यासारखा. काठाला गवत आणि पाणवनस्पती, त्यात मरळ. मोकळ्या पाण्यात चिलापी, रोहू, मृगळ. इथं फार लांब फेकायची गरज पडत नाही. सहा ते सात फुटांचा रॉड पुरतो.

उजनीचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, त्यातले जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात पेपरात "उजनी मायनसमध्ये" असं येतं, त्याचा अर्थ वरचा वापरायचा साठा संपून पाणी त्या मृतसाठ्यात उतरलं. गळ टाकणाऱ्यासाठी त्याचा अर्थ वेगळा: करमाळ्याकडच्या केत्तूर-कुगाव भागात पाण्याची कड मागे मागे जाते, मध्ये गाळ उघडा पडतो आणि त्यात पाय रुततो. घट्ट जमिनीवर उभं राहून लांब फेकायचं तर आठ-नऊ फुटांचा रॉड हवा. उलट धरण भरलं की काठावरच्या बाभळी पाण्यात जातात. तेव्हा लांब फेकण्यापेक्षा अडकलेला मासा फांद्यांतून ओढून काढणं महत्त्वाचं, म्हणजे रॉड आखूड आणि ताकदीचा, लाइन जाड.

भीमेवर टाकळी, औज बंधाऱ्याकडे बसणार असाल तर वाहतं पाणी लक्षात घ्या. उजनीतून नदीत पाणी सोडलं की प्रवाह वाढतो, गळाला वजनासाठी बांधलेलं हलकं शिसं तळाला टिकत नाही. चाळीस-पन्नास ग्रॅमचं शिसं लागलं तर पंधरा ग्रॅमपर्यंतच फेकणारा रॉड तिथं निरुपयोगी. पाणी वाढताना पात्रात उतरून उभं राहू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आणि कुठेही बसण्याआधी विचारा. तलावांचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थांकडे असतो. त्यांची परवानगी घ्या, त्यांनी जाळं लावलंय तिथं गळ टाकू नका. जाळ्यात अडकलेला तुमचा गळ काढायला त्यांना जाळं फाडावं लागतं. सिद्धेश्वर तलावाचा तर विचारच नको, तो देवळाचा आहे.

रॉडवर काय लिहिलंय ते वाचा

मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत एक-दोन ओळी छापलेल्या असतात. दुकानात बहुतेक लोक रॉड हवेत हलवून बघतात, टोक वाकवून बघतात, आणि या ओळी वाचतच नाहीत. रीळ निवडायला लागणारी सगळी माहिती त्यात असते.

पहिली गोष्ट लांबी, फुटांत किंवा मीटरमध्ये. २.१० लिहिलं असेल तर सात फूट धरा. मग ताकद, इंग्रजी अक्षरांत: यूएल म्हणजे अगदी हलका, एल हलका, एम मध्यम, एमएच मध्यमपेक्षा भारी, एच भारी. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. वाकतो कुठून, ते 'ॲक्शन'वरून कळतं. फास्ट असेल तर फक्त टोकाचा भाग वाकतो, मॉडरेट असेल तर मधल्या भागापर्यंत, स्लो असेल तर जवळजवळ मुठीपर्यंत. कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून तळाला बसणाऱ्याला मॉडरेट बरा. फास्ट रॉडनं झटका मारून फेकलं की गोळा गळावरून सुटून एकीकडे आणि गळ दुसरीकडे जातो.

नंतरचे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे. एक वजनाचा: उदाहरणार्थ ७–२१ ग्रॅम, किंवा पाव ते पाऊण औंस. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. आमिष आणि शिसं मिळून एवढंच वजन हा रॉड नीट फेकतो. कमी असेल तर रॉड वाकतच नाही, जास्त असेल तर फेकताना मोडायची भीती. दुसरा आकडा लाइनचा: ८–१४ पौंड असा. एक किलो म्हणजे सव्वादोन पौंड धरा. १४ पौंडांची लाइन साधारण सव्वासहा किलोला तुटते. या रॉडवर ४० पौंडांची लाइन लावली तर झाडात गळ अडकल्यावर लाइन तुटणार नाही, रॉड तुटेल.

रॉड दोन तुकड्यांचा घ्यावा की दुर्बिणीसारखा आत सरकणारा? दुचाकीवर नेणं सोपं म्हणून नवखे आत सरकणारा घेतात. मीही घेतला होता. उजनीच्या वाऱ्यात बारीक वाळू सांध्यांत जाते आणि एक दिवस तुकडे आत जातही नाहीत, बाहेर येतही नाहीत. दोन तुकड्यांचा घ्या आणि गाडीला आडवा नव्हे, उभा बांधा.

जात ओळखायची खूण

आता मी हिप्परग्यावर जी चूक केली ती. रॉड कोणत्या रिळाचा हे ओळखायला दोन जागा बघा: मूठ आणि कड्या, म्हणजे रॉडवर लाइन ओवायच्या रिंगा.

मुठीला खालून चाप असेल तर तो बेटकास्टरचा किंवा स्पिनकास्टचा रॉड. रीळ वर, कड्याही वर. मूठ सरळ, चाप नाही, तर बहुधा स्पिनिंगचा. रीळ खाली लोंबतं, कड्याही खाली.

चापाचा भरवसा नसेल तर कड्या खोटं बोलत नाहीत. स्पिनिंग रॉडची रिळाजवळची पहिली कडी मोठी असते, रिळापासून बरीच लांब असते, आणि पुढच्या कड्या टोकाकडे लहान लहान होत जातात. असं का, ते कांडीवरून कळेल. स्पूलच्या तोंडावरून सुटणारी लाइन सरळ येत नाही, मोठी वेटोळी घालत येते. पहिली मोठी कडी ती वेटोळी गोळा करते, पुढच्या कड्या ती आवळत आवळत सरळ करतात. बेटकास्टरच्या स्पूलवरून लाइन सरळच येते, म्हणून त्याच्या रॉडला सुरुवातीपासून लहान कड्या असतात आणि त्या संख्येनं जास्त असतात. मासा ओढतो तेव्हा कड्या वरच्या बाजूला असल्यानं वाकलेल्या रॉडला लाइन घासू शकते. जास्त कड्या असल्या की ती रॉडचा बाक धरून चालते.

माझ्या चुकीच्या जोडीत लाइनची मोठी वेटोळी पहिल्याच लहान कडीवर आपटत होती. एका अर्थी मी भोकातून चादर ओढत होतो. गळ दहा हात जाणार तरी कसा?

कड्यांचं आणखी एक. आतलं गुळगुळीत कडं तडकलेलं असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण लाइन कापत राहतं. कापसाची कानकाडी प्रत्येक कडीतून गोल फिरवा. कापसाचा तंतू कुठे अडकला तर तिथं तडा आहे. दुकानातच हे करा. दुकानदार जरा विचित्र बघेल, बघू दे.

नंबर जुळवणं

स्पिनिंग रिळावर १०००, २५००, ४००० असे आकडे असतात. हे वजन नाही, लांबी नाही, फक्त आकाराचा अंदाज. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. एका कंपनीचं ३००० दुसरीच्या २५०० एवढं निघू शकतं. काही ठिकाणी शेवटची दोन शून्यं काढून नुसतं २५ किंवा ४० लिहितात.

साधारण जोड अशी बसते. पाच ते सहा फुटांच्या, यूएल किंवा एल रॉडला १००० किंवा २०००, लहान चिलापीसाठी मजेदार. सहा ते सात फुटांच्या, एल ते एम रॉडला २५०० किंवा ३०००. सात ते आठ फुटांच्या, एम ते एमएच रॉडला ३००० किंवा ४०००. आठ-नऊ फुटांच्या भारी रॉडला ५००० किंवा ६०००. त्याच्या पुढचं, दहा-बारा फुटांचे रॉड आणि ८००० ची रिळं, समुद्रकिनाऱ्याचं काम आहे. सोलापुरात ते घेऊन बसलेले लोक मी बघितलेत. दुपारपर्यंत खांदा धरून बसलेले असतात.

एकच जोड घ्यायची तर माझं मत सांगतो: सात फुटांचा, एम ताकदीचा, मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट, ७ ते २८ ग्रॅमच्या आसपास वजन फेकणारा दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड आणि त्यावर ३००० चं रीळ. हिप्परग्यावर पुरेल, धरण भरलेलं असताना उजनीला चालेल, चिलापीपासून दोन-तीन किलोच्या रोहूपर्यंत निभावेल. मे महिन्यातल्या उजनीला आणि मोठ्या कटल्याला मात्र तो कमीच पडेल.

रिळावर ५.२:१ असा आकडा असतो, तो दातांच्या गुणोत्तराचा. हँडलच्या एका फेरीत लाइन गुंडाळणारा भाग पाच पूर्णांक दोन दशांश वेळा फिरतो. ३००० च्या रिळात एका फेरीला साधारण पाऊण मीटर लाइन येते. नवख्याला पाच-साडेपाचच्या आसपासचं बरं. वेगवान रीळ ओढायला जड जातं. बेअरिंगच्या संख्येवर जाऊ नका. 'बारा बेअरिंग' लिहिलेलं स्वस्त रीळ चार बेअरिंगच्या चांगल्या रिळापेक्षा लवकर खरखरतं. कानाजवळ धरून हळू फिरवा, खरखर ऐकू येतेच.

हातात घेऊन बघा

शक्य असेल तर रॉड घेऊन दुकानात जा आणि रीळ त्यावर बसवून बघा. रिळाचा पाय रॉडच्या खोबणीत पूर्ण बसला पाहिजे. लहान रीळ मोठ्या खोबणीत डुगडुगतं, मोठ्या रिळाचा जाड पाय बारीक खोबणीत शिरतच नाही. नट आवळा आणि रीळ डावी-उजवीकडे हलवा. थोडंही हललं तर ती जोड घेऊ नका. कागद घालून घट्ट करू, असं दुकानदार म्हणतील. पाण्यात भिजलेला कागद किती टिकतो ते तुम्हाला माहीत आहे.

मग तोल. रीळ बसवलेला रॉड रिळाच्या जरा पुढे, मुठीच्या पुढच्या भागाखाली एका बोटावर तोला. जवळपास आडवा राहिला तर जोड जमली. टोक धाडकन खाली गेलं तर रीळ हलकं, बुड खाली गेलं तर रीळ जड. २५०० चं रीळ अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतं, ६००० चं त्याच्या दुपटीहून जास्त भरू शकतं. हा फरक दुकानात जाणवत नाही, दोन तास फेकल्यावर मनगटाला जाणवतो. तळाला गळ टाकून रॉड टेकणीवर ठेवून बसणार असाल तर तोलाचं एवढं मनावर घेऊ नका.

हँडल कोणत्या हाताला? स्पिनिंग रिळाचं हँडल बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना बसवता येतं. उजवा हात रॉडला आणि डावा हात हँडलला, ही सवय सुरुवातीपासून लावा, म्हणजे फेकल्यावर रॉडचा हातबदल करावा लागत नाही. बेटकास्टरचं हँडल असं बदलत नाही. डाव्या किंवा उजव्या हाताचं रीळ वेगळं विकत घ्यावं लागतं.

लाइन भरणं

नायलॉनची एकेरी लाइन, म्हणजे आपला तंगूस, आणि विणलेली ब्रेडेड लाइन, असे दोन पर्याय. नवख्यानं तंगूस घ्यावा. स्वस्त आहे, थोडा ताणला जातो त्यामुळे चुकून जोरात हिसका दिला तरी माफ करतो, आणि गाठी सोडवता येतात. वर सांगितलेल्या जोडीला ०.२८ ते ०.३० मिलिमीटरचा पुरे. स्पूलवर ०.३०/१५० असं लिहिलेलं असेल तर त्या जाडीचा दीडशे मीटर मावतो. ब्रेडेड लाइन त्याच ताकदीला खूप बारीक असते आणि लांब जाते, पण बोटं कापते. गुळगुळीत स्पूलवर ती नुसती गुंडाळली तर सगळी लाइन स्पूलभोवती घसरत फिरते. तिच्याखाली आधी थोडा तंगूस गुंडाळावा लागतो.

भरायची पद्धत अशी. रॉड जोडा, डोळा लावून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का बघा. लाइन टोकाकडून मुठीकडे प्रत्येक कडीतून ओवा. मग रिळावरची तारेची कमान, जिला बेल म्हणतात, ती उघडा आणि मगच लाइन स्पूलला बांधा. बेल उघडायला विसरून गाठ मारली तर हँडल फिरवताना काहीच गुंडाळलं जात नाही आणि आपण रिळाला शिव्या देतो. गाठ साधी: लाइन स्पूलभोवती घ्या, मोकळ्या टोकानं मुख्य लाइनवर एक गाठ, टोकालाच आणखी एक गाठ, ओढा. दुसरी गाठ पहिलीला जाऊन अडकते.

नवीन तंगुसाचं रीळ लेबल वर करून जमिनीवर आडवं ठेवा. ओला टॉवेल बोटांत धरून लाइन त्यातून ओढून घ्या, म्हणजे ताणून बसेल. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. वीसेक फेऱ्या झाल्या की थांबा आणि लाइन ढिली सोडा. शांत पडली तर ठीक. सापासारखी वळवळून पीळ घेऊ लागली तर जमिनीवरचं रीळ पालथं करा आणि पुढे भरा. कांडीच्या टोकावरून सुटणाऱ्या सुताला प्रत्येक वेढ्यामागे पीळ पडतो, हे मागावर काम केलेल्याला सांगायला नको. इथं एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूनं काढायचा असतो.

स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा. काठोकाठ भरलं तर वेढे एकदम सुटून गुंता होतो. अर्धवट भरलं तर लाइन काठावर घासत जाते आणि फेक आखूड पडते.

ड्रॅग

स्पूलच्या तोंडावर (काही रिळांत मागे) एक फिरवायची गुंडी असते. मासा जोरात ओढतो तेव्हा लाइन तुटण्याऐवजी सरकत जावी, म्हणून ती. लाइन तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. १२ पौंडांची लाइन म्हणजे साधारण साडेपाच किलो. मग ड्रॅग दीड किलोच्या आसपास. बॅगा तोलायचा आकडीचा काटा घराघरात मिळतो. लाइन त्याच्या आकडीला बांधा, रॉड किंचित वर धरा, काटा दुसऱ्याला ओढायला सांगा. दीड किलोला रीळ करकरत लाइन सोडू लागलं पाहिजे.

लाइन सरकत असताना हँडल फिरवू नका. आत काही येत नाही, उलट प्रत्येक फेरीला लाइनला पाच पीळ पडतात. मासा पळतोय तोवर नुसतं धरून ठेवा. रॉड हळू वर उचला, खाली आणताना तेवढीच लाइन गुंडाळा, पुन्हा उचला.

मैदानात

पहिली फेक पाण्यात नको. सकाळी रिकाम्या मैदानात जा. गळ काढून टाका, फक्त शिसं बांधा, रॉडच्या मर्यादेच्या मधल्या वजनाचं. स्पिनिंग रीळ असेल तर लाइन तर्जनीच्या पेरावर घ्या, बेल उघडा, रॉड खांद्यामागे न्या आणि पुढे आणताना रॉड डोळ्यांसमोर यायच्या जरा आधी बोट सोडा. शिसं समोरच आपटलं तर बोट उशिरा सुटलं. आकाशात गेलं तर लवकर सुटलं. शिसं पडल्यावर बेल हातानं बंद करा, हँडलच्या झटक्यानं नको. त्यामुळे ढिला वेढा अडकत नाही.

बेटकास्टर घेतलंच असेल तर आधी बाजूची गुंडी आवळा. रॉड आडवा धरून बटण दाबा आणि गुंडी हळूहळू ढिली करा. शिसं संथ खाली गेलं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला, की बरोबर. ब्रेक सुरुवातीला जास्तच ठेवा. अंगठा स्पूलवरून उचलू नका. सात ग्रॅमच्या खालचं वजन साध्या बेटकास्टरनं फेकायचा हट्ट करू नका.

विजेच्या तारांकडे लक्ष असू द्या. बहुतेक चांगले रॉड कार्बनचे असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. उजनीच्या काठानं शेतीपंपांच्या तारा कमी उंचीवरून गेलेल्या असतात आणि फेकताना नजर पाण्यावर असते. ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून लांब व्हा.

घरी आलं की रीळ ओल्या फडक्यानं पुसा. नळाची जोरदार धार मारू नका, माती आत जाते. ड्रॅग पूर्ण ढिला करा, नाहीतर आतले वॉशर दाबून बसतात. हँडलच्या सांध्यात आणि बेल जिथं वळते तिथं तेलाचा एक-एक थेंब. आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीसवर असताना रीळ बंद गाडीत काचेजवळ ठेवू नका. तंगूस तिथं कडक आणि कुरळा होतो, आणि पुढच्या रविवारी पहिल्याच फेकीला सगळे वेढे एकदम बाहेर येतात.